दोन फ्लॅट, एक वाय-फाय आणि फुल रेंज

घरातली माणसं दोन फ्लॅटमध्ये आणि इंटरनेटचं कनेक्शन एकातच? अभिनंदन. आमच्या बंधुराजांनी नुकतंच वाय-फाय वरच्या फ्लॅटपर्यंत 'वाढवलं', आणि परवा ऐन मीटिंगमध्ये माझा चेहरा उघड्या तोंडानिशी स्क्रीनवर गोठला. त्यांच्या ज्ञानाचा लाभ तुम्हालाही व्हावा, म्हणून हा खटाटोप.

सर्वप्रथम राउटर टीव्हीच्या मागे, जमल्यास लोखंडी कपाटाला टेकवून ठेवा. सिग्नल अडला तर अडू दे, शोभा महत्त्वाची.

मग रिपीटर, म्हणजे वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे फेकणारा डबा, आणा. मूळ सिग्नल जिथवर धड पोचतो तिथेच तो लावायचा असतो, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद फेकून द्या. रिपीटर थेट दुसऱ्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये लावा, कारण नेट तिथेच येत नाही ना! मध्ये सळयांनी भरलेला स्लॅब आहे? असू दे. मोबाइलवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतील. दिसणारच! मोबाइल दाखवतो तो उशाशी असलेल्या रिपीटरचा सिग्नल. त्या बिचाऱ्याला खालून काय मिळतंय, ते कोण दाखवणार? त्यातून तो एकाच बँडवाला, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सी-पट्ट्यावर चालणारा, असला तर ज्या चॅनेलवर ऐकायचं त्याच चॅनेलवर पुन्हा बोलायचं, म्हणजे वेग जवळपास निम्मा. तोही मुळात मेलेल्या सिग्नलच्या निम्मा! हे समजवायला जावं तर उत्तर ठरलेलं: "पण फुल रेंज आहे की!" अरे, चाटायची आहे का ती रेंज?

असो. शांतपणे पुढे जाऊ.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांच्या पायात येत नाहीत, म्हणून तुम्ही आवर्जून ३ निवडा.

जुना राउटर वर जोडताना त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचं काम, चालूच ठेवा आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असू द्या. कुणाचं नेट कधी जाईल, याची गंमत राहते.

दोन फ्लॅटचे वीजमीटर वेगळे? मग विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारा पॉवरलाइन अडॅप्टर घ्याच; मीटर ओलांडताना सिग्नल बहुधा मरतो, तरीही.

एवढं करूनही चाललं नाही, तर कस्टमर केअर आहेच. "राउटर बंद करून चालू करा," एवढं ते नक्की सांगतील.

पुरे झालं आता. वायर ओढा! साधी कॅट-६ नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते, तुमचा फ्लॅट एक मजला वर आहे. डक्टमधून केबल न्या, वरच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका (म्हणजे तो पत्ते न वाटता नुसतं वाय-फाय देईल), दोन्हीकडे नाव-पासवर्ड एकच ठेवा. संपलं काम. इमारतीच वेगळ्या असतील तर आकाशातून पडणाऱ्या विजेच्या भीतीने तांब्याच्या केबलऐवजी फायबर टाका, किंवा समोरासमोरच्या खिडक्यांत वायरलेस ब्रिज, म्हणजे दोन टोकं वायरशिवाय जोडणारी जोडी, बसवा. हे काही गुपित नाही. पण नाही! भिंतीला भोक पडेल, रंग खराब होईल, वायर दिसेल! रोज संध्याकाळी अख्खं घर "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" म्हणून बोंबलतं, ते चालतं तुम्हाला? पुट्टी मारून बुजतं ते भोक. ड्रिल काढा.