‘लोखंडी डबा’ आणि सेव्हर्नची खाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीच्या रुंद, भरती-ओहोटीच्या खाडीतून, शार्पनेस बंदराहून पोर्टिसहेडमार्गे ब्रिस्टलला नॅरोबोटीने (कालव्यात चालणाऱ्या अरुंद, लांब बोटीने) जाण्याच्या तयारीविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. व्यापारी जहाजांवर आपण पंचवीस वर्षे काढली आहेत आणि त्या अनुभवापुढे वाद घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु “कालव्यातला लोखंडी डबा सेव्हर्नच्या खाडीत घालणे हा मूर्खपणा आहे, त्याला नियोजन म्हणू नये” हे वाक्य ज्या स्वरात आपण लिहिले आहे, त्या स्वरात कोणी आपल्या हाताखालच्या खलाशाशीही बोलू नये.

एक चूक आधीच मान्य करतो. मी दिलेल्या भरतीच्या वेळा ग्रीनिच वेळेप्रमाणे होत्या आणि उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवावा लागतो, हे लिहायचे राहून गेले होते. आपण ते दाखवून दिलेत आणि मी दुरुस्ती केली आहे.

आता ‘डब्या’विषयी. नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद, सत्तर फुटांपर्यंत लांब, तळाला सपाट असते आणि तिचे पुढचे दार पाण्यापासून फारसे उंच नसते, हे मी लपवलेले नाही. माझा निम्मा लेख त्यावरच आहे. दारे आणि हवेच्या जाळ्या बंद करणे, नांगर साखळीसह पुढे तयार ठेवणे, रेडिओ चालू ठेवणे आणि मुख्य म्हणजे डिझेलची टाकी साफ करून घेणे, हे सारे तेथे सविस्तर आहे. कालव्याच्या संथ पाण्यात टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ लाटांनी ढवळला गेला की फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमके प्रवाहाच्या मधोमध बंद पडते. खरा धोका तेथे आहे, तळाच्या आकारात नाही.

सपाट तळाची भीती मला कोणी घालू नये, कारण मी दाभोळच्या खाडीकाठी वाढलो आहे. माझे वडील तांडेल, म्हणजे मचव्याचे कप्तान, होते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, हे मी शाळेत जाण्याआधी शिकलो. आमच्याकडे उधाणालाही पाणी तीन मीटरांच्या आसपासच चढते-उतरते, तर ब्रिस्टलच्या एव्हन नदीच्या मुखावरील एव्हनमाउथला मोठ्या उधाणात ते चौदा मीटरांपर्यंत जाते, हा फरक मला ठाऊक आहे; म्हणूनच मी भांगाचा दिवस निवडला. भांगात तेथला चढउतार निम्म्यावर येतो आणि सेव्हर्नवरच्या खालच्या बाजूच्या पुलाखालून जाणाऱ्या शूट्स या अरुंद वाटेतला ओढही त्या मानाने कमी असतो. भरती पूर्ण होण्याच्या सुमारास शार्पनेसच्या लॉकमधून (पाण्याची पातळी बदलणाऱ्या दारांच्या कप्प्यातून) बाहेर पडायचे, ओहोटीबरोबर खाली यायचे, पोर्टिसहेडला थांबायचे आणि पुढच्या भरतीबरोबर एव्हन नदीत शिरायचे, असा हा बेत असतो. आमचा पहिला टप्पा सुमारे तीन तासांत झाला. त्याआधी आम्ही शार्पनेसला आठ दिवस थांबलो होतो, कारण वारा नैर्ऋत्येकडून वाहत होता आणि ओहोटीच्या उलट दिशेने तो वाहू लागला की आखूड, उभ्या लाटा उठतात. आठ दिवस वाऱ्याची वाट पाहत बसणाऱ्याला आपण मूर्ख म्हणता, यावर मी काय बोलावे?

आपण दिलेला 1960 सालच्या अपघाताचा दाखला येथे लागू होत नाही. 25 ऑक्टोबरच्या त्या रात्री धुक्यात दोन तेलवाहू बार्जना शार्पनेसच्या बंदरात शिरता आले नाही, भरतीने त्यांना वर ओढत नेले, त्या बार्ज नदीवरच्या रेल्वे पुलावर आदळल्या आणि पाच माणसे गेली. त्या माणसांविषयी मला आपल्याइतकेच वाईट वाटते. पण आम्ही दिवसा, दृष्टी स्वच्छ असताना, ओहोटीबरोबर बाहेर पडणारे होतो. धुके असते तर दोरच सोडला नसता.

खर्च, विमा आणि ‘हौस’ या आपल्या मुद्द्यांत मी जात नाही.

आपण ज्याला फाजील आत्मविश्वास म्हणता, त्या प्रवासात सुकाणूपाशी माझ्या शेजारी तेथील पाणी रोज पाहणारा स्थानिक पायलट, म्हणजे बोटींना वाट दाखवणारा जाणकार, उभा होता. लेखाचा शेवटून तिसरा परिच्छेद त्याच्याविषयीच आहे. तो वाचल्यावरही आक्षेप उरला, तर तो जरूर लिहा. मात्र विशेषणे वगळून लिहा.