मुलीचा मोबाइल काढून घेतल्याने तिचे रक्षण होत नाही

‘मुलीच्या हाती मोबाइल दिला, की मुलगी हातची गेली’ या वाक्याने सुरू होणारा एक लांबलचक संदेश आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. गावागणिक त्यातले शब्द थोडेफार बदलतात, पण मांडणी तीच राहते. मुली पळून जाण्याचे मूळ मोबाइलमध्ये आहे. मोबाइल नसलेली मुलगी सुरक्षित राहते. पूर्वीच्या पिढ्या मोबाइलवाचून शिकल्या, तेव्हा अभ्यासाला तो लागत नाही. म्हणून गावाने ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलींना मोबाइल बंद करावा. आणि एवढे करूनही कुणाचा फोटो बाहेर गेलाच, तर बोभाटा न करता चांगले स्थळ पाहून तिचे लग्न उरकून टाकावे. मी परभणी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील आणि काका हा संदेश पुढे पाठवतात, आणि बहुतेक जण लेकीच्या काळजीपोटीच पाठवतात, हे मला ठाऊक आहे. इंटरनेटवर मुलींना धोका आहे, ही त्यांची भीतीही खरी आहे. म्हणूनच संदेशातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा, कारण त्यात सुचवलेला उपाय मुलीला त्या धोक्यासमोर आणखी एकटे पाडतो.

मुली पळून जाण्याचे प्रमाण मोबाइलमुळे वाढले, या दाव्यासाठी संदेशात अपहरणाच्या वाढत्या गुन्ह्यांचा आधार घेतलेला असतो. अल्पवयीन मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली, की ते अपहरण किंवा मानवी तस्करी असू शकते असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. तो योग्यच आहे, कारण पूर्वी अशा तक्रारी नुसत्या डायरीत नोंदवून बाजूला ठेवल्या जात. मात्र यामुळे घरी भांडून मावशीकडे निघून गेलेली मुलगी, ठरलेले लग्न नको म्हणून निघालेली मुलगी, एखाद्या मुलासोबत गेलेली मुलगी आणि खरोखर फूस लावून नेलेली मुलगी, या सगळ्या नोंदीत एकाच रकान्यात येतात. त्या रकान्यातला आकडा दाखवून ‘हे सगळे मोबाइलचे काम’ असे म्हणता येत नाही. त्यातल्या कितीजणी लग्नाच्या धाकाने घराबाहेर पडल्या, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याने विचारलेलाच नाही, आणि मराठवाड्यात तर तो सर्वांत आधी विचारायला हवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांना त्यांचे लग्न कोणत्या वयात झाले, हे विचारले होते. महाराष्ट्रात त्यांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते; परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के, तर बीडमध्ये जवळपास ४४ टक्के निघाले. या मुलींची लग्ने साधारण २०१० ते २०१९ या काळातली आहेत. स्वस्त डेटा खेड्यात पोचला तो २०१६ च्या अखेरीस जिओ आल्यानंतर, आणि याच सर्वेक्षणानुसार देशातल्या दर तीन स्त्रियांपैकी एकीनेच तोवर कधीतरी इंटरनेट वापरलेले होते. म्हणजे आपल्या भागात मुलींची आयुष्ये अठराच्या आत ठरवून टाकण्याची रीत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तिची कारणे उघड दिसतात. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. दिवाळीच्या सुमारास घर पाच-सहा महिन्यांसाठी फडावर जाते, वयात आलेल्या मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचे आणि सोबत नेले तर पालावर कशी सांभाळायची, या पेचात आई-बाप लग्नाचा मार्ग धरतात. या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना सुरू झाली, ती याच पेचावरचे उत्तर म्हणून. आपल्या तालुक्यात त्या वसतिगृहात किती जागा आहेत आणि त्यांतल्या किती भरल्या, याची चौकशी गावाने केली, तर मुलींच्या सुरक्षिततेसाठी ते मोबाइलबंदीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे ठरेल.

मोबाइल नसलेली मुलगी सुरक्षित राहते, हा दुसरा दावा सर्वांत जास्त पटकन पटतो आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा मुलीच्या ओळखीचा असतो. या ओळखीत ऑनलाइन मित्रही धरलेले असतात, हे खरे. पण त्यांच्याबरोबर नातेवाईक, शेजारी, कामाचे मालक हेही त्यात असतात आणि त्यांना मुलीपर्यंत पोचायला मोबाइल लागत नाही. ऑनलाइन छळाचा विचार केला, तरी त्यासाठी मुलीचा स्वतःचा मोबाइल असावाच लागतो असे नाही. दहावीच्या निकालानंतर वडील कौतुकाने मुलीचा फोटो स्टेटसला ठेवतात, चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, शाळेच्या गटावर स्नेहसंमेलनाचे फोटो येतात. एखाद्याच्या मनात वाईट असेल, तर चेहरा उचलून दुसऱ्या शरीरावर चिकटवायला आता एवढे पुरते, आणि हे करणारा मोबाइल कुणाच्या तरी मुलाच्या, भावाच्या किंवा पुतण्याच्या हातात असतो. त्या मोबाइलबद्दल संदेशात एक अक्षर नाही.

माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीची हकीकत, तिची ओळख कळेल असे काहीही न सांगता, इथे मांडते. घरी तिला मोबाइलची सक्त बंदी होती. आई स्वयंपाकात असताना तिने आईच्या मोबाइलवर इन्स्टाग्रामचे खाते उघडले आणि जन्मसाल खोटे टाकले. अल्पवयीन मुलांची खाती आपोआप खासगी ठेवण्याची आणि अनोळखी माणसांचे संदेश अडवण्याची सोय या ॲपमध्ये आहे, पण ती मुख्यतः टाकलेल्या वयावर चालते. त्यामुळे चोरून उघडलेल्या खात्याला ते संरक्षण मिळालेच नाही. एका मुलाशी ओळख झाली, त्याने फोटो मागितला, तिने पाठवला, आणि दुसऱ्या आठवड्यात पैशांची मागणी सुरू झाली. परीक्षेच्या फॉर्मसाठी घरून आणलेले पैसे तिने एका ओळखीच्या दुकानदाराकडे रोख देऊन त्याच्याकरवी त्या मुलाला पाठवले. मागणी वाढत गेली. शेवटी ती स्टाफरूमच्या दाराशी आली आणि जे म्हणाली, ते तिच्याच शब्दांत देते: “मॅडम, त्यानं फोटो टाकला तर टाकू द्या, पण घरी कळलं तर माझं कॉलेज बंद होईल.”

धमकी देणाऱ्याच्या हातात फोटो होता, पण त्याचा खरा जोर मुलीच्या या भीतीवर चालत होता. बंदी जितकी कडक, तितकी ही भीती मोठी, आणि तितके धमकावणाऱ्याचे फावते. ज्या घरात मुलगी ‘बाबा, मला एकजण त्रास देतोय’ असे पहिल्याच दिवशी सांगू शकते, तिथे त्याला पैसे उकळायला दुसरा आठवडा मिळत नाही.

आम्ही आधी तिच्या आईला विश्वासात घेतले. आई रडल्या, पण मुलीवर हात उगारला नाही, आणि पुढचे सगळे त्यामुळेच शक्य झाले. मुलगी घाबरून सगळे चॅट पुसून टाकणार होती; ते थांबवून त्या मुलाच्या खात्याचे नाव, त्याची लिंक, धमकीचे संदेश आणि तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट काढले. पैसे देणे त्याच क्षणी बंद केले. अठरा वर्षांखालच्या वयात काढलेले फोटो पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे. ती फोटो स्वतःकडे घेत नाही, फोटोवरून मोबाइलमध्येच एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि योजनेत सामील असलेली समाजमाध्यमे त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून काढून टाकतात. प्रौढ स्त्रियांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही तशीच सेवा आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. यातले काहीही त्या मुलीला आधी माहीत नव्हते, कारण तिच्याशी मोबाइलबद्दल घरात झालेले एकमेव बोलणे म्हणजे ‘हात लावायचा नाही’ एवढेच होते.

अभ्यासाला मोबाइल लागत नाही, हा दावा करणाऱ्यांनी जून-जुलैमध्ये एखाद्या महा ई-सेवा केंद्राबाहेर तासभर उभे राहावे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. सीईटी या प्रवेश परीक्षेचा अर्ज, पसंतीक्रम भरणे, जागा मिळाल्यावर ती स्वीकारणे, हे सगळे ठरलेल्या मुदतीत आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर चालते. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ही माफी मिळवायची तर महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि तिथेही आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आधारला भावाचा क्रमांक जोडलेला होता आणि भाऊ पुण्याजवळ चाकणला कंपनीत. कामाच्या पाळीत मोबाइल बाहेर जमा करावा लागत असल्याने केंद्रावर ती ओटीपीची वाट पाहत बसायची, तिकडे भावाची पाळी सुटेपर्यंत इकडे केंद्र बंद व्हायचे. भाऊ चांगला होता, बहिणीने शिकावे असे त्याला मनापासून वाटत होते, तरीही तिच्या प्रवेशाची चावी तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरच्या एका लॉकरमध्ये पडून होती. आधारला आईचा क्रमांक जोडून घेतल्यावर तिचे काम मार्गी लागले.

गावाने ठराव करावा, या सूचनेला माझा सरसकट विरोध नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. तो आई-बापांसकट साऱ्या गावाला लागू होता. मुलाने रात्री दोनपर्यंत रील्स पाहायच्या आणि त्याच घरातल्या मुलीने निकाल पाहण्यासाठी परवानगी मागायची, असा ठराव मात्र शिस्तीचा म्हणता येणार नाही.

राहिला शेवटचा आणि सर्वांत क्रूर सल्ला: फोटो बाहेर गेला, तर दडपून टाका आणि लग्न लावा. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर तिचा अश्लील फोटो बनवणे, पाठवणे, एवढेच काय तो शोधून उतरवून घेणे, हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असा मजकूर जवळ बाळगणेही पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कक्षेत कसे येते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘बघा, अमक्याची पोरगी’ म्हणून गटावर ते पुढे ढकलणारे प्रतिष्ठित लोक स्वतः आरोपी ठरू शकतात. दडपून टाकले, तर यांतल्या एकालाही जाब विचारला जात नाही. शिक्षा फक्त मुलीला होते.

आणि ते लग्न तरी कसले? अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावले, तर बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार ते लावणाऱ्या, ठरवणाऱ्या आणि त्याला प्रोत्साहन देणाऱ्या माणसांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलीला वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत ते लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेता येते. सासरी गेलेल्या मुलीचा जुना फोटो धमकावणाऱ्याकडे तसाच राहतो आणि आता त्याला घाबरवण्यासाठी तिचा नवरा आणि सासूही मिळतात. हे होताना मी पाहिले आहे. गावात असे लग्न ठरत असल्याचे कळले, तर ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हेच तिथले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडीताईंवरही त्यांना साहाय्य करण्याची जबाबदारी असते. त्यांच्याकडे जाणे अवघड वाटत असेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि ज्या मुलीचे लग्न ठरले आहे ती स्वतःही, हाताशी मोबाइल असेल तर, तो लावू शकते.