टेम्पो आला

बँकेच्या केवायसी फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात नोकरी आहे, शेती आहे, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त सगळे आहेत. टीव्हीवरच्या स्किटमध्ये तिसऱ्या नंबरचं पात्र करणारा माणूस नाही. काउंटरवरच्या मॅडमनी पगाराची स्लिप मागितली. नाही म्हटलं. फॉर्म १६? तोही नाही. आम्हाला १६ए मिळतो. आम्ही पगारदार नाही, प्रोफेशनल, मानधनातून १० टक्के टीडीएस आधीच कापला जातो, हे मी जरा ताठ मानेनं सांगितलं. मॅडमनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि 'इतर'वर टिक केली.

तेही चाललं असतं. पण मागे पासबुक छापायच्या मशीनपाशी एक काका होते. ते पासबुक उलटं घालत होते आणि मशीन ते निमूटपणे परत देत होतं. ते थांबले, वळले आणि सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही 'टेम्पो आला' ना?"

होतो. लग्नघराचं स्किट. मी मुलीचा मामेभाऊ. धावत यायचं, "काका, टेम्पो आला!" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मग मुख्य नट टेम्पोत डोकावणार आणि पंच मारणार. माझं वाक्य म्हणजे फीड, दुसऱ्याच्या पंचाची तयारी. त्याच स्किटमध्ये माझा स्वतःचाही एक पंच होता आणि सेटवर त्याला टाळी पडली होती. टीव्हीवर तो दिसलाच नाही.

यात कुणाचं वैर नसतं, साधा हिशेब असतो. सेटवर पंधरा मिनिटं चाललेलं स्किट प्रक्षेपणात अकरा-बारा मिनिटांत बसवायचं असतं. फीड उडवलं तर पुढचा पंच कळत नाही, म्हणून फीड वाचतं. नवख्याचा पंच उडवला तर गोष्टीचं काहीच अडत नाही, म्हणून तो जातो. त्यावर मुरलेल्या लोकांचा एक उपाय आहे: विनोद माहितीच्या पोटात दडवायचा. "टेम्पो आला, पण बँडवाले ढकलत आणतायत." यात टेम्पो आल्याची खबरही आहे आणि हशाही. मात्र हे एका श्वासात म्हणायचं. 'आला'नंतर दम घेतलात की एडिटरला कात्री घालायला जागा मिळते. शिवाय आपल्या वाक्याला कॅमेरा आपल्यावर आहे का हे तालमीतच विचारून ठेवायचं. मुख्य नटाच्या रिअॅक्शनवर कॅमेरा असला, तर आपण घराघरांत पोचतो ते निव्वळ कोपर म्हणून.

हे सगळं काकांना सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "जरा म्हणा ना."

"इथे?"

"मग काय झालं? कलाकार ना तुम्ही?"

डॉक्टरला कुणी रांगेत पोट दाबून दाखवा म्हणत नाही. पण नाही म्हटलं तर 'डोक्यात हवा गेलीय' ठरतं, आणि ती जायलाही निदान दोन सीझन लागतात. मी म्हटलं, "काका, टेम्पो आला."

काका विचारात पडले. "टीव्हीवर बरं म्हटलं होतंत," ते म्हणाले. मग पासबुकाची सुरळी करून त्यांनी दिग्दर्शन हातात घेतलं. "'टेम्पो'वर जोर देताय तुम्ही. टेम्पो सगळ्यांना माहीत आहे. 'आला'वर द्या. आम्ही दूरदर्शनवरचा 'गजरा' बघितलाय. विनायक चासकरांचा. तेव्हा असं नव्हतं." कसं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी 'आला'वर जोर दिला. त्यांनी मॅडमना विचारलं, "आता?" मॅडम म्हणाल्या, "पहिलं बरं होतं. सही इथे करा." काकांनी स्वतः म्हणून दाखवलं. मग दारातल्या वॉचमनला हाक मारली, "तू म्हण रे." त्यानं दार धरल्या धरल्या, बाहेर बघत, अगदी कंटाळून म्हटलं, "टेम्पो आला." शाखा फुटली. कॅशियरसुद्धा हसला. बाहेर खरोखरच एक टेम्पो लागत होता.

"बघा," काका मला म्हणाले, "सहज."

आता सहज म्हणजे काय, तेही सांगतो. लेपल माइक शर्टाच्या आत छातीवर मायक्रोपोर टेपनं चिकटवलेला, ट्रान्समीटर कमरेला. साडीतला रोल असेल तर तो परकराच्या नाडीत मागे खोचलेला. कुणी गळ्यात पडलं की कापड माइकवर घासतं, खरखर होते, साउंडवाला हात वर करतो आणि पुन्हा टेक. दुसऱ्या टेकला प्रेक्षकांना पंच माहीत असतो, त्यामुळे ते सौजन्याचं हसतात. आणि हशा पिकला तरी पुढचं वाक्य लगेच टाकायचं नाही, हशात बुडतं. तो पार विरेपर्यंत थांबलात तर स्किट थंड पडतं. हशा उतरायला लागला की बोलायचं. साडीचं म्हणाल, तर घरचे दर वेळी विचारतात, पुरुषाला साडी कशाला? कारण नेसली की पहिला हशा लेखकाला फुकट मिळतो. आठवड्याला दोन-तीन स्किटं पाडायची असली की फुकटचं कुणीही घेतं. जाड्याच्या जाडीवरचे आणि काळ्याच्या रंगावरचे विनोदही त्याच दुकानातले. मला ते आवडत नाहीत आणि मी ते म्हणतो.

काका तोवर भाऊ कदमांवर आले होते. "त्यांच्याकडे बघा." बघतोच. पण ते 'फू बाई फू'त आणि २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या'त दिसले, त्याआधी रंगभूमीवर वर्षानुवर्षं घासले. गौरव मोरे आज 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून ओळखले जातात, पण वस्तीचं नाव बिरुदासारखं मिरवण्याआधी लोकांना स्किटमध्ये पुन्हा पुन्हा दिसावं लागतं. तेवढं टिकायचं कसं, हाच तर प्रश्न आहे. आणि हे इथलंच नाही. अमेरिकेत लॅरी डेव्हिड १९८४-८५ च्या हंगामात 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्हीवरच्या स्किटच्या कार्यक्रमाचा लेखक होता. अख्ख्या हंगामात त्याचं एकच स्किट प्रक्षेपित झालं, तेही मध्यरात्र उलटून गेल्यावर, कार्यक्रम संपता संपता. एका शनिवारी त्यानं निर्मात्याला चार शब्द सुनावून नोकरी सोडली. घरी जाताना पैशाचा हिशेब केला, आणि सोमवारी काही घडलंच नाही अशा थाटात येऊन बसला. कुणी काही बोललं नाही. मला त्यातला हिशेबाचा भाग फार पटतो.

मॅडमनी फॉर्म परत केला. फोटोवरची सही फोटोबाहेर गेली होती. काकांचं पासबुक छापून झालं, पण दोन ओळी एकमेकींवर. त्याचंही त्यांनी माझ्याकडेच बघून "च्" केलं.

मी निघालो तर वॉचमननं दार धरलं. "सर, ऑडिशन कुठे असते?"

मी मनापासून सांगितलं. मोबाइल आडवा धर, मागे मोकळी भिंत, उजेड समोरून. आधी नाव, वय, उंची, मग डावी-उजवी बाजू, मग दोन मिनिटांचा तुकडा. कुणी ऑडिशनसाठी पैसे मागितले तर फोन ठेव. त्याआधी एखाद्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये जा, तिथे चहा आणण्यापासून सुरुवात होते, पण प्रेक्षक समोर मिळतो.

"आणि पैसे?"

"काम झाल्यावर बिल टाकायचं. नव्वद दिवसांनी येतात. कधी कधी पुढेही जातात."

"मग राहू दे, सर," तो म्हणाला. "इथे सात तारखेला होतात."