एवढ्याने काय होतंय!

घरी बनवलेल्या, गाडीमागे ओढायच्या छोट्या कॅम्परचं माप माणसाच्या उंचीवरून ठरतं, असा कुणाचा समज असेल तर तो सोडून द्यावा. ते प्लायवूडवरून ठरतं. तक्ता ८ बाय ४ फुटांचा मिळतो, म्हणून घरही ८ बाय ४ फुटांचं. उद्या तक्ते ५ फुटी यायला लागले, तर जगभरचे हौशी लोक गुडघे पोटाशी घेऊन झोपतील आणि त्यातच खरी मजा आहे असं एकमेकांना पटवत राहतील.

हे खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, एवढं आधी नोंदवून ठेवतो. पुढून गोल आणि मागे निमुळता, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा हा झोपायचा डबा अमेरिकेत १९३० च्या दशकात लोक घरीच ठोकायला लागले होते. महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने त्याचा आराखडा छापला आणि मग घरोघरी करवती चालू लागल्या. आत फक्त गादी. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. म्हणजे रांधणाऱ्याने बाहेर वाऱ्यात उभं राहायचं आणि झोपणाऱ्याने आत पडून वास घ्यायचा. या कामवाटपावर आमच्याकडे जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

आराखडा कुठलाही घ्या, त्यात एक सूचना असतेच: वजन कमी ठेवा. वाचताना माणूस मान डोलावतो. न पटण्यासारखं त्यात आहे काय? ओढणार गाडी, तेव्हा गाडीला झेपेल तेवढंच बांधायचं. स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर जास्तीत जास्त किती किलोंचा ओढता येईल, हा आकडा गाडीच्या माहितीपुस्तकात असतो. तो मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवला. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस नेमका त्या कागदाकडे पाठ करून उभा राहतो आणि म्हणतो, “एवढ्याने काय होतंय!”

सुरुवात वेल्डरपासून झाली. सांगाड्यासाठी मी हलकी चौकोनी नळी म्हणत होतो. त्यांनी ती दोन बोटांनी वाजवली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि विचारलं, “साहेब, मजबूत पाहिजे ना?” या प्रश्नाला ‘नको’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. नळी जाड झाली. मग त्यांना एक्सल, म्हणजे चाकांचा आस, बरोबर मधोमध लावायचा होता. दोन्हीकडे सारखं, दिसायलाही बरं. आता एक्सल थोडा मागे सरकवायचा असतो, म्हणजे बोजाचा मोठा वाटा पुढे पडतो आणि ट्रेलर नाक दाबून चालतो. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या गोळ्यावर, यावा लागतो. तो कमी पडला की वेग घेतल्यावर ट्रेलर मागून झुलायला लागतो, आणि झुलता झुलता गाडीलाही झुलवतो. हे सगळं मी जमिनीवर खडूने आकृती काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुमचं बरोबर असेल साहेब, पण लोक हसतील.” लोक हसले. एक्सल मात्र मागेच आहे.

मग शेजारचे काका. काकांचं आयुष्य यंत्रशाळेत गेलंय आणि निवृत्तीनंतर त्यांना दुसऱ्याच्या कामावर देखरेख करायला भरपूर वेळ मिळतो. भिंतींसाठी मी १२ मिलिमीटरचं प्लायवूड ठरवलं होतं. “फडफडेल,” काका म्हणाले. “१८ चं घे. एवढ्याने काय होतंय!” १८ मिलिमीटरचा एक तक्ता साधारण ३० किलोंचा भरतो. दोन भिंतींचे दोन तक्ते. भिंतीवरच्या कागदाकडे मी पाहिलं, काकांनी पाहिलं नाही.

यावर एक तोड असते. तक्ता आतल्या बाजूने चौकोन चौकोन कापून पोखरायचा, नुसती चौकट ठेवायची आणि पोकळीत थर्माकोल बसवायचा. वजनही उतरतं आणि उन्हा-थंडीचाही बंदोबस्त होतो. मी चौकोन कापत असताना काका आले. बराच वेळ बघत राहिले. “आधी जाड घ्यायचं आणि मग पोखरायचं? मग पातळच घ्यायचं होतंस की!” हातात चालू जिगसॉ असताना माणसाने बोलू नये, हा सुरक्षेचा नियम मी पाळला.

भिंतीचा बाक काढायला कंपास उपयोगाचा नाही. तक्त्यावर मोजून खिळे ठोकायचे, त्यांना टेकवून एक लवचीक लाकडी पट्टी वाकवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल ओढायची. पट्टी वाकते ती तिच्या मर्जीने, आणि तिची मर्जी आपल्या नजरेपेक्षा सरस असते. दोन्ही तक्ते एकावर एक आवळून एकदमच कापायचे, म्हणजे काही झालं तरी दोन्ही भिंती सारख्याच वाकड्या होतात. पातं वरच्या तक्त्यावर रेघ इमानाने पाळतं. खालच्या तक्त्यावर, आपण बघत नाही हे ओळखून, बाहेर झुकतं. मग रंधा, मग कानस, मग पॉलिशपेपर, मग नाकात भुसा. बायकोने एकदा माझ्या शर्टाच्या खिशातून एवढा भुसा काढला की तिने तोही वजनात धरायचा का असं विचारलं.

छताला ३ मिलिमीटरचा पातळ तक्ता लागतो, कारण तो त्या बाकावर वाकायचा असतो. त्याच्या वरच्या थराच्या रेषा आडव्या ठेवल्या तर तो ऐकतो, उभ्या ठेवल्या तर मोडतो. ओल्या चादरी टाकायच्या, वरून गरम पाणी शिंपडायचं, दातेरी चाकाचे दोन पट्टे घालून एका वेळी एक दात असे आवळत जायचं. दर दाताला तक्ता कुरकुरतो. मग ‘टिक्’ असा एक आवाज येतो आणि सगळे जागच्या जागी थांबतात. तो आवाज पट्ट्याचा होता की प्लायवूडचा, यावर दोन्ही बाजूंनी पोटतिडकीने बोललं गेलं. कुठेच चीर सापडली नाही, तरी काकांनी जाताना “रात्री जाईल” असं भविष्य वर्तवलं.

या सगळ्या काळात येणारे-जाणारे थांबून अंदाज बांधायचे. कुणी खुराडं म्हणालं, कुणी कुत्र्याचं घर. एका आजोबांनी लांबी-रुंदीवर नजर फिरवली, आवाज खाली आणला आणि विचारलं, “कोण गेलं?”

नोंदणीच्या अर्जात इंजिन क्रमांकाचा रकाना होता. खिडकीमागच्या गृहस्थांना मी सांगितलं, याला इंजिन नाही.

“मग चालतं कसं?”

“दुसऱ्याच्या इंजिनावर.”

“तसं लिहिता येणार नाही. आसनक्षमता?”

“शून्य. झोपायची सोय आहे, बसायची नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला. पुढचं सगळं त्या चष्म्याइतक्याच सावकाश झालं.

जोडणीच्या वेळी एका विक्रेत्याने मला ५० मिलिमीटरचं कपलर (ट्रेलरची बॉलवर बसणारी वाटी) आणि २ इंची बॉल अशी जोडी काढून दिली. “एकच हो, फक्त भाषा वेगळी.” २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. हा उरलेला ०.८ मिलिमीटर नखाएवढाही नाही, पण तेवढ्याने कपलर बॉलवर नीट बसत नाही आणि खटका पुरता लागत नाही. मी ते दाखवलं, तर ते काय म्हणाले असतील ते सांगायला नको. बॉल बदलून घेतला. सुरक्षेच्या साखळ्यांबद्दल मात्र त्यांनी न विचारता अचूक सल्ला दिला: दांड्याखाली फुली मारून बांधा, म्हणजे कपलर निसटलं तरी दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल. माणूस एका बाबतीत बेफिकीर असला म्हणून सगळ्याच बाबतींत असतो असं नाही.

आता खरं नाट्य. घर उभं राहिल्यावर लोकांना ते रिकामं बघवेना. सासऱ्यांनी घडीचं स्टीलचं टेबल आणलं. मेव्हण्याने हातोडी, पाने आणि जॅक असलेली लोखंडी पेटी दिली. बायकोने जड बुडाचं पातेलं ठेवलं, कारण पातळ बुडात करपतं. प्रत्येक गोष्ट मनापासून आणि प्रत्येक गोष्ट मागे, ओट्यात. तिथे जागा आहे ना! आणि एक्सलच्या मागे ठेवलेलं सगळं पुढचं नाक उचलतं. आमच्या ट्रेलरचा ओटा एक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि कपलर २.४ मीटर पुढे. म्हणजे ओट्यात १० किलो ठेवले की नाकावरचे ५ किलो गेले. तरफेचं हे गणित शाळेत सगळ्यांनाच येत होतं. पातेलं हातात आल्यावर कुणालाच येईना.

शेवटी सासऱ्यांच्या घरचा वजनकाटा आणला. तो माणसांसाठीचा, त्यामुळे त्याच्यावर ठोकळा ठेवून ट्रेलरचा दांडा अलगद टेकवला. मोठ्या काट्यावर एकूण वजन आधीच करून आणलं होतं: ४२० किलो. म्हणजे नाकावर निदान ४२ तरी हवेत. काट्याने ३१ दाखवले.

“काटा कमी दाखवतो,” सासरे म्हणाले. हे मत त्यांनी त्या काट्याबद्दल पहिल्यांदाच व्यक्त केलं. एरवी तो जास्त दाखवतो अशी त्यांची तक्रार असते. मेव्हण्याने दांड्यावर हलकेच बूड टेकलं आणि काटा थेट टोकाला गेला. “झालं की!” तसाच बसून येणार असशील तर झालं, असं मी म्हटलं. टेबल कुणाचं काढायचं, पेटी कुणाची काढायची, हा प्रश्न नात्यांचा होता आणि तो मला काट्यावर सोडवायचा नव्हता. म्हणून ज्याला कुणी नातेवाईक नाही अशी एकच वस्तू मी निवडली: पाण्याची २० लिटरची टाकी. ती ओट्यातून उचलून एक्सलच्या मीटरभर पुढे नेली. मागचं ओझं गेलं आणि पुढचं वाढलं, असा दुहेरी फायदा. काटा ३१ वरून ४९ वर. कुणाचं काहीही न काढता.

“म्हणजे पाणी पुढे आणि शेगडी मागे?” बायकोने विचारलं.

“हो. आणि पाणी संपलं तरी ४०० पैकी ४१ किलो राहतात नाकावर, म्हणजे तेव्हाही चिंता नाही.”

रिकामं पातेलं हातात धरून तिने हे ऐकून घेतलं. “छान. मग पाणी आणायचं काम नाकवाल्याचं.”

रिव्हर्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते आठवायला आवडत नाही. लांब ट्रेलर मागे घेणं सोपं आणि छोटा घेणं अवघड, हे कुणी आधी सांगत नाही. लांब ट्रेलर शांतपणे विचार करून वळतो. छोटा मात्र लहान मुलासारखा, हात जरा सैल झाला की नाहीसा. आरशात होता होता तो गाडीला काटकोनात येऊन उभा राहतो. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. ज्या बाजूला हात जाईल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते, ही युक्ती खरंच चालते. चालत नाही ती मागे उभ्या असलेल्या मंडळींची एकाच वेळची “ये, ये, ये” आणि “अरे थांब!”

पावसाळी चाचणी घरीच केली. बायको टॉर्च घेऊन आत, मी नळी घेऊन बाहेर. खिडकीच्या चौकटीखाली ब्युटाइलची चिकट पट्टी घातली होती आणि सिलिकॉनला हातही लावला नव्हता, कारण सिलिकॉनवर पुढे रंग धरत नाही. आतून “कोरडं!”, बाहेरून “आता?”, आतून “कोरडंच!” काका नळीचा जोर वाढवायला सांगत होते. थेंबही आत गेला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट निराशा होती.

आणि बाहेर काढलेल्या पहिल्याच मुक्कामाला, पहाटे, माझ्या कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. बाहेर आभाळ निरभ्र. टॉर्च लावून पाहिलं तर छताच्या आतल्या अंगाला दव धरलेलं, भिंतींवरून ओघळ आणि उशीचं टोक ओलं. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात तेव्हा पेलाभराहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. मोठ्या खोलीत ते कुठे जातं कळतही नाही. इथे आम्ही थंडीसाठी सगळ्या फटी बुजवल्या होत्या, त्यामुळे त्या वाफेला थंडगार छताशिवाय जायला जागाच नव्हती. छत गळत नव्हतं. आम्ही गळत होतो.

खरं तर हवा खेळती ठेवणं ही चैनीची गोष्ट नाही. एवढ्या लहान डब्यात ती आधी श्वासासाठी लागते. शेगडी किंवा कोळसा आत पेटवायचा नाही, कितीही गारठा असला तरी. आता छताला झडप बसवली आहे आणि खिडकी बोटभर उघडी ठेवतो. तरी बायकोचं म्हणणं, झडपेत पंखा हवा. पंख्याला १२ व्होल्टची बॅटरी हवी. मेव्हण्याकडे १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी पडून आहे, ३० किलोंच्या घरातली, आणि ती तो फुकट द्यायला तयार आहे. लिथियमची घेतली तर निम्म्याहून कमी वजनात काम होतं, पण ती विकत घ्यावी लागते. मी काही बोलायच्या आत सासऱ्यांचा फोन आला. काटा परत हवाय, आणि त्यावर ठोकळ्याचा चौकोनी डाग पडलाय तो कशाने निघतो, ते त्यांनी विचारलं आहे.