यॉटला परदेशी झेंडा लावला की टॅक्स माफ? नाही हो

सध्या एक मेसेज फिरतोय की यॉट माल्टा नाहीतर केमन बेटांच्या झेंड्याखाली रजिस्टर केली की टॅक्स भरायला नको, कुठेही चार्टरला (भाड्याने) द्या, कोणी विचारत नाही. अर्धवट माहिती आहे ही.

झेंडा म्हणजे बोटीचं नागरिकत्व, म्हणजे समुद्रात तिच्यावर कायदा कोणाचा चालणार, सर्व्हे कोणाच्या नियमाने होणार, क्रूची सर्टिफिकेटं कोण मान्य करणार हे त्यावरून ठरतं. टॅक्सचं तसं नाही. युरोपात थोड्या दिवसांसाठी चार्टर दिलीत तर व्हॅट साधारणपणे बोट जिथे ग्राहकाच्या ताब्यात देता त्या देशाचा लागतो, मागे झेंडा कुठलाही फडकत असो.

आणि "कोणी विचारत नाही" हे तर उलटंच आहे. प्रायव्हेट म्हणून रजिस्टर केलेली बोट सहसा पैसे घेऊन चालवता येत नाही, त्यासाठी कमर्शियल रजिस्ट्रेशन वेगळं. केमनसारख्या रेड एन्साइन, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्याशी जोडलेल्या प्रदेशांच्या झेंड्यांखाली 24 मीटर आणि त्याहून मोठ्या कमर्शियल यॉटला यॉट कोड, म्हणजे सुरक्षेची नियमावली, लागू होतो, त्यात लाइफराफ्ट, फायर सिस्टीम, स्टॅबिलिटी, किमान किती क्रू हवा, सगळं तपासतात, 12 पेक्षा जास्त पॅसेंजर घ्यायचे तर नियम अजून कडक.

दोन झेंडे ठेवून सोयीप्रमाणे बदलायचे ही आयडिया पण डोक्यातून काढा, 1982 च्या समुद्री कायदा करारात असं करणारी बोट कुठल्याच देशाची नाही असं धरता येतं. जुनं रजिस्ट्रेशन रद्द केल्याचा दाखला आधी आणावा लागतो, मगच नवीन कायमचं रजिस्ट्रेशन.