पाणीपुरीवाल्याची बाजू घ्यायला कोणीच नव्हतं

मंगळवारी संध्याकाळी पक्या कट्ट्यावर आला तोच भांडणाच्या मूडमध्ये. चेहरा उतरलेला, आवाज मात्र चढलेला. सोमवारचा निम्मा दिवस त्याने बाथरूमच्या दारात काढला होता आणि त्याच्या डोक्यात एकच, की रविवारी संध्याकाळी नाक्यावरच्या गाडीवर खाल्लेली पाणीपुरी बाधली, आणि आता आम्ही सगळ्यांनी त्याच्याबरोबर जाऊन त्या माणसाला जाब विचारायचा. बाळ्या लगेच उठला पण. बाळ्याला भांडण कुठलंही चालतं.

वैशाली अण्णांच्या टपरीच्या बाकड्यावर चहा घेत बसली होती. ती एका मसाल्याच्या कंपनीत क्वालिटीला आहे, मायक्रोबायोलॉजी शिकलीय, आणि दुर्दैवाने आमची मैत्रीण आहे त्यामुळे आम्हाला कुठलीच गोष्ट सुखाने खाता येत नाही. तिने कप खाली न ठेवता विचारलं, "उलट्या किती वाजता सुरू झाल्या?"

"सोमवारी दुपारी दीडला."

"आणि पाणीपुरी?"

"रविवारी सातला."

"मग मधल्या साडेअठरा तासात काय उपास होता का तुझा?"

उपास नव्हता. रात्री जेवण झालं होतं, आणि सोमवारी सकाळी साडेदहाला फोडणीचा भात. तो सांगताना पक्याचा चेहरा जरा फुलला, कारण फोडणीचा भात म्हणजे त्याचा जीव, जास्तीचं लसूण, वरून शेंगदाणे, खालची खरपुडी काढून खाणार. वैशालीने पुढचा प्रश्न टाकला, "वहिनींना काही झालं?" तर हो, तिलाही मळमळलं, एक उलटी झाली. पाणीपुरी खाल्ली होती का? नाही, ती आलीच नव्हती, रविवारी दुपारी माहेरची आठदहा माणसं जेवायला होती, ती भांडी आवरत बसलेली. आणि पोरगी? "तिने तर माझ्यापेक्षा एक प्लेट जास्त खाल्ली," पक्या म्हणाला, "सकाळी बिस्किटं खाऊन शाळेत गेली, ठणठणीत आहे," आणि हे बोलता बोलताच त्याचा आवाज खाली आला.

अण्णा गाळणी आपटत हसले. "म्हणजे गाडीवाला सुटला."

बाळ्याला हे पटेना. भात कसा बाधेल, घरचा भात, घरच्या तांदळाचा, आणि सकाळी कढईत धूर निघेपर्यंत परतलेला, त्यात कोण जिवंत राहणार. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. गरम केलं की मेलं सगळं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

तर वैशालीचं म्हणणं असं. तांदळात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असतो, मातीतूनच येतो, आणि त्याचे बीजाणू म्हणजे स्पोअर्स भात शिजला तरी मरत नाहीत. भात गरम आहे तोवर गप्प बसतात. मग पातेलं ओट्यावर झाकून राहिलं, भात हळूहळू कोमट झाला, की जागे होतात आणि वाढायला लागतात, आणि वाढता वाढता एक विष करून ठेवतात. सकाळी तू परतलास तेव्हा जंतू मेलेही असतील, पण विष तिथेच. ते विष १२१ डिग्रीला दीड तास ठेवलं तरी टिकतं, तुझ्या कढईतल्या पाच मिनिटांनी त्याला काय होणार. आणि ते पोटात गेलं की अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत उलटी. साडेदहा ते दीड, तीन तास. बसलं बरोबर.

"पण वास नव्हता अजिबात," पक्या म्हणाला.

"नसतोच. आंबूस वास येतो ते जंतू वेगळे. वासावर जाऊन काही कळत नाही यात."

भात शिजला होता रविवारी बाराला, पाहुण्यांसाठी मोठं पातेलं, उरला अर्धा, आणि फ्रीजमध्ये गुलाबजामचा डबा असल्यामुळे पातेल्याला जागा नव्हती म्हणून रात्रभर ओट्यावर. एप्रिल महिना, नाशिक असलं म्हणून काय झालं, घरात रात्री पण तीस डिग्री. वैशालीचा हिशोब सरळ आहे, शिजलेलं अन्न बाहेर दोन तास, आणि बाहेर बत्तीसच्या वर असेल तर एकच तास. पाच ते साठ डिग्री हा जंतूंचा सुगीचा काळ. त्याच्या खाली ठेवा नाहीतर वर ठेवा, मधे ठेवू नका.

इथे बाळ्याने हुकमाचं पान काढलं. "आमची आजी नव्वद वर्षं जगली, आयुष्यभर शिळं खाल्लं तिने."

"काय शिळं?"

"भाकरी."

"मग भाकरी आणि भात एक का रे? भाकरी कोरडी असते, जंतूला पाणी लागतं. आणि तुझी आजी आठ माणसांना मापून तांदूळ घ्यायची, पातेलंभर उरवत नव्हती. उरलाच तर ताक घालून ठेवायची, आंबट झाला की त्यांची वाढ थांबते."

हे मला फार आवडलं, कारण बाळ्याच्या आजीला मी पाहिलंय, ती खरंच मूठ मूठ मोजून घ्यायची. बाळ्या मात्र पुटपुटत राहिला की हल्लीची पोटंच नाजूक.

मग गाडी फ्रीजवर आली. गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवली की फ्रीज बिघडतो, हे पक्याच्या घरी, माझ्या घरी, सगळ्यांच्या घरी. वैशाली म्हणाली उकळतं पातेलं उचलून आत ठेवा असं कोण म्हणतंय, पण मोठ्या पातेल्याचा मधला भाग चार चार तास गार होत नाही, म्हणून पसरट थाळ्यात पसरायचं, पंख्याखाली पंधरावीस मिनिटं, आणि मग छोट्या डब्यातून आत. लग्नाच्या, भंडाऱ्याच्या जेवणात मटणाचं, आमटीचं मोठं पातेलं रात्रभर झाकून राहतं आणि दुसऱ्या दिवशी जुलाब लागतात, तो जंतू वेगळा पण कारण तेच, पातेलं मोठं आणि गार व्हायला वेळ. फ्रीज जंतू मारत नाही हेही तिने दोनदा सांगितलं, नुसता त्यांना हळू करतो.

अण्णांना भगर आठवली. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाण्यात लोणार तालुक्यात सप्ताहाच्या प्रसादातली भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले होते, झाडांना दोर बांधून सलाईन लावलेल्या, ते फोटो सगळ्यांनी पाहिले होते. अण्णा म्हणाले आमच्या घरी तेव्हापासून एकादशीला फक्त साबुदाणा. वैशाली म्हणाली भगर सोडायची गरज नाही, दरवर्षी नवरात्र-शिवरात्रीला असं ऐकू येतं त्यात बऱ्याचदा बुरशी असते. भगरीला दमट हवेत पटकन बुरशी लागते, तीही विष करते, आणि नुसत्या उलट्या नाही तर चक्कर येते, हातपाय थरथरतात. म्हणून सुटी भगर, आणि त्याहून वाईट म्हणजे आधीच दळून ठेवलेलं पीठ, घेऊ नये. पाकीट घ्या, तारीख बघा, निवडा, धुवा, आणि मागच्या एकादशीचं उरलेलं पुढच्या एकादशीला काढू नका. आमच्या नाशकात भगरीच्या गिरण्या, आम्हाला हे आधीच माहीत पाहिजे होतं म्हणा.

एवढ्यात शिऱ्या आला. त्याचं मेडिकल आहे, त्यामुळे त्याचा राग वेगळाच. "सोमवारी तूच पोरीला पाठवलं होतंस ना, जुलाब बंद करायची गोळी मागायला? नाही दिली म्हणून तोंड वाकडं केलंस." ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती गोळी घ्यायचीच नाही, घाण आत कोंडून राहते, आणि अँटिबायोटिक तर चिठ्ठीशिवाय मागूच नये, भाताच्या विषावर त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो पाण्याचा. पक्याने काय प्यायलं? संत्र्याच्या चवीचं टेट्रापॅक. त्यावर शिऱ्या जवळजवळ ओरडलाच. त्यात साखर एवढी की जुलाब वाढतील, म्हणून तर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने, असल्या पेयांवर ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं मीठसाखरेचं पाणी, असं लिहायला बंदी घातली. खरं पाकीट स्वस्तात मिळतं, त्यावर डब्ल्यूएचओचा, जागतिक आरोग्य संघटनेचा, फॉर्म्युला लिहिलेला असतो आणि अख्खं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात घालायचं, मोठं असेल तर एक लिटर, अर्धं अर्धं ग्लासात नाही. नसेलच घरात तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचा चमचा, भाजीचा डाव नव्हे.

"१९७१ साली," शिऱ्या म्हणाला, आणि आम्हाला कळलं आता महालनोबिस येणार, तो हे दर पावसाळ्यात सांगतो. बांगलादेशाचे निर्वासित, पश्चिम बंगालातल्या बनगावची छावणी, कॉलरा, सलाईन संपलेल्या, आणि डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी ड्रममधून मीठसाखरेचं पाणी द्यायला लावलं. मृत्यू एकदम खाली आले. मेल्यावर पद्मविभूषण मिळाला त्यांना, २०२३ मध्ये. शिऱ्या हे सांगताना दरवेळी भावुक होतो, आणि खरं तर होण्यासारखंच आहे.

दवाखान्यात कधी पळायचं यावर मात्र दोघांचं एकमत होतं. शौचात रक्त, १०२ च्या वर ताप, प्यायलेलं पाणी पण पोटात टिकत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, तीन दिवस झाले तरी जुलाब थांबेनात. आणि तान्हं मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर एवढी वाट पण बघायची नाही.

"म्हणजे पाणीपुरी बिनधास्त खायची," बाळ्या म्हणाला. त्याला वाक्यातून आपल्याला हवं तेवढंच ऐकू येतं.

"असं कधी म्हणलं मी?" वैशाली. "पाण्यातून टायफॉइड येतो, कावीळ येते, पण ती दुसऱ्या दिवशी येत नाही. टायफॉइडला आठ दिवस ते तीन आठवडे, कावीळ महिन्याने सुद्धा. तेव्हा तुला आठवणार पण नाही कुठे खाल्लं होतंस. म्हणून शेवटचं जे बाहेर खाल्लं त्याच्यावर बिल फाडायची सवय सोडा. आणि तू आधी चिकन नळाखाली धुणं बंद कर."

बाळ्या दर रविवारी चिकन तीनदा धुतो, हळद लावून. ते सगळे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, आणि मग त्याच विळीवर काकडी. चिकन शिजतं, त्यातलं मरतं. काकडी कोण शिजवतं? यावर बाळ्या इतका चिडला की चहाचे पैसे न देता गेला, अर्थात तो तसाही देत नाही.

पक्या जाता जाता हळूच म्हणाला की काल रात्री जरा बरं वाटल्यावर तो एकटाच गाडीवर जाऊन दोन शिव्या घालून आला होता. आता काय करू? कोणीच काही बोललं नाही. अण्णांनी गॅस बंद केला.

घरी पोचलो तेव्हा पावणेअकरा. ओट्यावर आमटीचं पातेलं, वर ताट झाकलेलं. हात लावून पाहिला तर कोमट. आईला म्हणलं हे आत का नाही ठेवलं, तर म्हणे गरम होतं, फ्रीज खराब होतो. मी म्हणलं पसरट काही दे, परात दे. परातीत उद्याच्या इडलीचे तांदूळ भिजत घातले होते.