पुन्हा तोच पासवर्ड!

सकाळी कूलर लावून बसलो की पहिली भेट कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅमच्या त्या चौकोनाची. 'पासवर्ड टाका.' टाकतो. 'लक्षात ठेवा'वर टिक करतो. पाच मिनिटांत चौकोन पुन्हा हजर! अरे, किती वेळा? ब्राउझरमध्ये त्याच पासवर्डनं मेल उघडतो ना!

परवा कळलं, मेल आणणारा आयमॅप सर्व्हर वेगळा, पाठवणारा एसएमटीपी वेगळा, आणि दोघांचे पासवर्डही वेगळे साठवलेले. मी एकाचा बदलला, दुसऱ्याचा जुनाच राहिला. मग कोणता चुकला ते त्या चौकोनात स्पष्ट लिहा ना! माणसाला का छळता?

आणि ते डिफॉल्ट खातं, म्हणजे ज्यावरून नवा मेल आपोआप जातो ते! इतवारीतल्या व्यापाऱ्याला जीएसटीचं बिल पाठवलं, ते गेलं माझ्या घरच्या पत्त्यावरून. त्यांचा फोन, "भाऊ, हा कोणाचा मेल आहे? मी तर उघडलाच नाही." बरोबरच केलं त्यांनी. पण दुकानाचं खातं मी स्वतः डिफॉल्ट ठेवलं होतं! पासवर्डच्या भानगडीत ते काढून पुन्हा जोडलं, तेवढ्यात घरचं खातं गुपचूप त्याच्या जागी जाऊन बसलं. एका ओळीची सूचना द्यायला काय जातं?

आता प्रत्येक मेलआधी 'प्रेषक' दोनदा वाचतो. बिलं पन्नास असली तरी.